चौदा गुणांचा नियम

थंडीचे दिवस सुरू झाले की महाराष्ट्रातील तालुक्यातालुक्यांत शालेय क्रीडास्पर्धांची धामधूम सुरू होते. मैदानावर चुन्याच्या रेघा ओढल्या जातात, खो-खोचे खांब उभे राहतात, कबड्डीच्या पटांगणाभोवती पोरांचे कोंडाळे जमते. या गर्दीच्या कडेला, एखाद्या कडुनिंबाच्या सावलीत, एक मुलगा बसलेला असतो. त्याच्या एका बाजूला कुबडी असते आणि दुसऱ्या बाजूला धावावयास गेलेल्या मुलांच्या चपलांचा ढीग. चपला सांभाळण्याचे काम त्याच्याकडे सोपविलेले असते. शिक्षकांनी हे काम दुष्टपणाने दिलेले नसते. उलट, त्या बिचाऱ्यालाही सहभागी झाल्यासारखे वाटावे, अशीच त्यांची भावना असते. शारीरिक शिक्षणाच्या रकान्यात त्याला श्रेणीही मिळते. दहा वर्षे तो शाळेत असतो, आणि या दहा वर्षांत तो मैदानावर एकदाही दमत नाही, हरत नाही आणि जिंकत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हा मुलगा आहे. त्याच्या शेजारी बहुधा मुलगी दिसत नाही, कारण तिला त्या दिवशी घरीच ठेवलेले असते. विषय तिचाही आहे.

अपंगांच्या खेळांविषयी बोलावयाचे तर प्रारंभ पदकांपासून करण्याची आता प्रथा पडली आहे. पदकांचा आनंद खराच आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. भारताने १९६८ साली पॅरालिंपिक स्पर्धेत प्रथम भाग घेतला. तेव्हापासून २०१६ पर्यंतच्या जवळजवळ अर्ध्या शतकात देशाला एकूण १२ पदके मिळाली. पुढे टोकियोची २०२० ची स्पर्धा २०२१ साली भरली, तेथे एकाच वेळी १९ मिळाली; आणि २०२४ साली पॅरिस येथे २९. त्यांत ७ सुवर्ण, ९ रौप्य व १३ कांस्य. पॅरिसच्या गोळाफेकीत १६.३२ मीटर अंतर गाठून रौप्यपदक मिळविणारे सचिन खिलारी हे सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याच्या करगणी गावचे. दुष्काळी माणदेशातला हा तरुण जागतिक मंचावर उभा राहिला, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु याच सांगली जिल्ह्यातील आणखी एका माणसाची कथा याबरोबर सांगावयास हवी. मुरलीकांत पेटकर हे पेठ इस्लामपूरचे. सैन्यात मुष्टियोद्धे म्हणून त्यांनी नाव कमावले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या व कायमचे अपंगत्व आले. पुढे ते पोहू लागले, आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैलीच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारतीयाला वैयक्तिक स्पर्धेत मिळालेले ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच देशात म्युनिकचे ऑलिंपिक सुरू झाले. तेथील हॉकीच्या कांस्यपदकाची हळहळ देशाने वर्षानुवर्षे केली. हायडेलबर्गच्या सुवर्णाची वार्ता मात्र फार थोड्यांच्या कानी गेली. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी.

पेटकरांच्या जिद्दीविषयी पुष्कळ बोलले गेले आहे, त्यांच्यावर चित्रपटही निघाला. ती जिद्द असामान्य होती, यात शंका नाही. तथापि केवळ जिद्दीने माणूस हायडेलबर्गला पोहोचत नाही. जखमी सैनिक म्हणून त्यांच्या वाट्याला सैनिकी इस्पितळ आले, तेथील दीर्घ उपचार आले, पोहण्याच्या तलावाची वाट मोकळी झाली. गावाकडे कडबाकुट्टी यंत्रात हात गेलेल्या पोराच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. त्याच्याजवळ जिद्द कमी असते असे नाही. जिद्दीला टेकू देणारी व्यवस्था त्याच्याजवळ नसते. पराक्रमाच्या कथा सांगताना हा टेकू वगळला जातो, आणि मग चपला सांभाळणाऱ्या मुलालाच वाटू लागते की दोष आपल्या मनाचा आहे.

या खेळांचा जन्मच अशा एका व्यवस्थेतून झाला. लुडविग गुटमान हे जर्मनीतील नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राजवटीत त्यांना देश सोडावा लागला व १९३९ साली ते निर्वासित म्हणून इंग्लंडमध्ये आले. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मॅन्डेव्हिल येथील इस्पितळात पाठीचा कणा जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी विभाग उघडण्यात आला आणि तो त्यांच्या हवाली झाला. कण्याची अशी दुखापत म्हणजे लांबणीवर पडलेला मृत्यू, असाच तोवर समज होता. माणसे निजून राहत, अंगाला शय्याव्रण होत, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होई आणि त्यातच त्यांचा अंत होई. गुटमान यांनी रोग्यांची कूस दिवसरात्र दर दोन तासांनी बदलण्याचा नेम घातला. माणसे जगू लागली. जगू लागल्यावर प्रश्न उभा राहिला, की जगावयाचे कशासाठी? त्याचे एक उत्तर त्यांनी काम हे दिले आणि दुसरे खेळ हे दिले. चाकाच्या खुर्चीत बसून काठ्यांनी पोलो खेळण्यापासून सुरुवात झाली. २९ जुलै १९४८ रोजी लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले, त्याच दिवशी इस्पितळाच्या हिरवळीवर १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. बारा वर्षांनी, १९६० मध्ये, याच स्पर्धेचे रोम येथे जागतिक स्पर्धेत रूपांतर झाले.

येथे एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. कोणाही नागरिकाला पैशाच्या अभावी उपचार नाकारले जाणार नाहीत, हे तत्त्व त्या दिवशी अमलात आले आणि त्यानंतर २४ दिवसांनी ही स्पर्धा भरली. एकामुळे दुसरे घडले, असे म्हणता येणार नाही. परंतु दोन्हींच्या मागे एकच विचार होता. जायबंदी माणसाचे जगणे ही त्याच्या कुटुंबाची खासगी आपत्ती नसून सबंध समाजाची जबाबदारी आहे, हा तो विचार. धर्मादायाच्या पेटीतून हा खेळ निघाला नाही. सार्वजनिक इस्पितळातून निघाला.

आता या खेळांच्या आत डोकावून पाहू जाता काय दिसते? चाकाच्या खुर्चीतील बास्केटबॉल घ्यावा. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शारीरिक क्षमतेनुसार गुण ठरवून दिलेले असतात. ज्याला धड सावरता येत नाही, त्याला १. ज्याचे व्यंग सर्वांत सौम्य, त्याला साडेचार. मैदानावर एका वेळी पाच खेळाडू उतरतात आणि आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्या पाचांच्या गुणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. साडेचार गुणांचे पाच खेळाडू घेतले तर बेरीज साडेबावीस होते, म्हणजे तो संघ उतरूच शकत नाही. साडेचारचे दोघे घेतले तर उरलेल्या तिघांसाठी पाचच गुण शिल्लक राहतात. म्हणजे ज्यांचे शरीर सर्वांत कमी साथ देते अशांना बरोबर घेतल्यावाचून गत्यंतर नाही. त्यांना घ्यावयाचे ते उपकार म्हणून नव्हे. तो एक गुणाचा खेळाडू खुर्ची नेमक्या जागी आडवी घालतो, प्रतिस्पर्ध्याची वाट अडवितो, तेव्हाच साडेचार गुणांचा खेळाडू टोपलीपर्यंत पोहोचतो. दुर्बळाला वगळून जिंकता येऊ नये अशी रचना नियमातच केलेली आहे आणि तरीही खेळाची चुरस तसूभर कमी झालेली नाही. राज्यशास्त्राच्या जाड ग्रंथांत जे समजावून सांगताना दमछाक होते, ते या चौदा गुणांच्या नियमात दिसते.

दुसरा खेळ बोचिया. मेंदूच्या पक्षाघाताने ज्यांचे चारही अवयव नीट चालत नाहीत, अशांसाठी तो मुख्यतः आहे. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला रंगीत चेंडू नेऊन ठेवावयाचा. गल्लीतल्या गोट्यांच्या डावाशी त्याचे दूरचे नाते लागते. ज्यांना चेंडू हातात धरताच येत नाही, ते उतरत्या पन्हळीवरून तो सोडतात. कोणी कपाळाला बांधलेल्या दांडीने सोडतो. पन्हळ हलविण्यासाठी मदतनीस असतो. परंतु नियम असा आहे की मदतनीसाने मैदानाकडे पाठ करून बसावे आणि वळून पाहू नये. पन्हळ किती डावीकडे, किती उंच, हे खेळाडूने सांगावयाचे आणि मदतनीसाने ऐकावयाचे. मदत हवी, पण निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावा! आपल्या घरांतून आणि संस्थांतून अपंग मुलांना मदत करणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती अशी पाठ फिरवून बसू शकणाऱ्यांची.

खेळासाठी माणसाने बदलावे, की माणसासाठी खेळाने, हा येथे मूळ प्रश्न आहे. नियम आभाळातून पडत नाहीत. माणसे ते करतात आणि मोडतातही. देवेंद्र झाझडिया यांनी २००४ साली अथेन्सला भालाफेकीत सुवर्ण जिंकले. त्यानंतर २००८ आणि २०१२ या दोन्ही पॅरालिंपिक स्पर्धांत त्यांच्या गटाची भालाफेक कार्यक्रमातच नव्हती. त्यांचा हात तोच होता, भाला तोच होता. कागदावरची एक ओळ काय ती नाहीशी झाली होती. ती २०१६ मध्ये परत आली आणि झाझडिया यांनी पुन्हा सुवर्ण जिंकले. बारा वर्षे ते थांबले, म्हणून जगाला हे कळले. जे थांबू शकले नसतील, त्यांची नोंद कोठे आहे?

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप भाकरीचा. जेथे अपंग मुलाला शाळेत पोहोचता येत नाही, मोठेपणी काम मिळत नाही, तेथे स्पर्धांची चैन कशाला? हा आक्षेप पुष्कळदा सद्भावनेने घेतला जातो. परंतु गरिबांच्या मुलांना शिक्षण कशाला, असे विचारणारेही भाकरीचीच भाषा बोलत असत. खुर्चीतून बिछान्यावर व बिछान्यातून खुर्चीवर स्वतःचे शरीर उचलून नेण्याची ताकद दंडांत यावी लागते. ती खेळाने येते, आणि ज्याच्या दंडांत ती आहे, तोच एकट्याने घराबाहेर पडून कामाच्या जागी जाऊ शकतो. खेळ हा भाकरीच्या वाटेवरचाच एक टप्पा आहे. शिवाय, केवळ उपयोगासाठीच खेळावे, ही अट धडधाकट मुलांना कोणी घालीत नाही. मग ती यांनाच का?

दुसरा आक्षेप वेगळ्या पंक्तीचा. अपंगांच्या स्पर्धा वेगळ्या भरविणे म्हणजे त्यांना समाजापासून वेगळे काढणे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. ३ डिसेंबरच्या जागतिक दिनाच्या सुमारास अपंगांच्या विशेष शाळांच्या जिल्हा स्पर्धा होतात. भाषणे होतात, मुलांना खाऊ वाटला जातो, दुसऱ्या दिवशी मैदान पूर्ववत होते. सामान्य शाळांतील मुले त्या दिवशी तेथे नसतात. सामान्य शाळेतील अपंग मूलही बहुधा तेथे नसते, कारण ते विशेष शाळेच्या पटावर नाही. आणि स्वतःच्या शाळेच्या स्पर्धेत ते चपलांपाशी असते. दोन्हीकडून ते सुटते. परंतु गट वेगळा असणे आणि मैदान वेगळे असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुस्तीत वजनाचे गट असतात, म्हणून हलक्या गटातल्या मल्लाला कोणी आखाड्याबाहेर काढीत नाही. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अपंग खेळाडूंचे प्रकार मुख्य स्पर्धेतच धरले गेले आणि त्यांची पदके देशाच्या पदकतक्त्यात मिळविली गेली. मँचेस्टरला जे जमले, ते मिरजेला वा मंचरला का जमू नये?

तिसरा धोका आक्षेपकांकडून येत नाही, चाहत्यांकडून येतो. पदके वाढू लागली तशी पदकांची भूकही वाढली आहे. ज्या गटात पदक लवकर मिळेल तेथे पैसा, ज्याचे व्यंग सौम्य आणि शरीर बळकट त्याच्याकडे प्रशिक्षक, असे घडू लागले तर चौदा गुणांच्या नियमाचा आत्माच हरवेल. ज्याला केवळ मान हलविता येते, त्याच्या बोचियाला मग वाली कोण? वर्गीकरणाचे महत्त्व येथे आहे. सरकारी प्रमाणपत्रावरील टक्केवारी शरीरात काय उणे आहे ते मोजते आणि ४० टक्क्यांच्या वर सवलतीचे दार उघडते. खेळातील वर्गीकरण, त्या विशिष्ट खेळात शरीर काय करू शकते ते पाहते. एकच तरुण दोन खेळांत दोन निरनिराळ्या गटांत बसू शकतो. हे काम जाणणारे तज्ज्ञ गावाजवळ नसल्याने मुले वर्षानुवर्षे अंदाजाने एखाद्या गटात खेळतात आणि मोठ्या स्पर्धेच्या दारात त्यांना परत पाठविले जाते. टोकियोत एका भारतीय खेळाडूचे कांस्यपदक तो त्या गटास पात्र नाही म्हणून काढून घेण्यात आले, तेव्हा सबंध देशाला या विषयाची प्रथम जाणीव झाली.

कायद्याची अडचण आहे असे मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात अपंग मुलांना, शाळेतील खेळांसह, इतर मुलांच्या बरोबरीने खेळण्याची संधी मिळावी असे स्पष्ट म्हटले आहे आणि भारताने २००७ साली त्यास मान्यता दिली. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने ७ च्या जागी २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली. त्याचे कलम ३० खेळासंबंधीच आहे. मैदाने व इमारती सर्वांना वापरता येतील अशा कराव्यात, निधी ठेवावा, स्पर्धा भरवाव्यात, ही सरकारची कर्तव्ये त्यात नोंदविली आहेत. त्याच सुमारास शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द आला. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन झाला. शब्द आदराचा आहे. परंतु क्रीडासंकुलाच्या तीन पायऱ्या जेथल्या तेथे असतील, तर त्या शब्दाने खुर्ची वर चढत नाही. आणि ‘कल्याण’ या शब्दापाशीही थोडे थांबावयास हवे. धडधाकट मुलांचे खेळ क्रीडा खात्याकडे आणि अपंग मुलांचे खेळ कल्याण खात्याकडे, अशी वाटणी जिल्ह्याच्या पातळीवर पुष्कळदा दिसते. एकाला खेळ म्हणावयाचे आणि दुसऱ्याला कल्याण!

या उदासीनतेची किंमत देशाने उघड्यावर मोजली आहे. २०१५ च्या मार्चमध्ये गाझियाबाद येथे राष्ट्रीय ॲथलेटिक्स स्पर्धा भरली होती. तेथे आलेल्या अपंग खेळाडूंच्या राहण्याची, शौचालयांची जी दैना झाली, ती वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय समितीने भारतीय पॅरालिंपिक समितीला निलंबित केले. तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाली. २०२३ च्या डिसेंबरात दिल्लीत ‘खेलो इंडिया’च्या अपंगांसाठीच्या स्पर्धा प्रथमच भरल्या. पण दिल्लीतील सुधारणा तालुक्याला पोहोचावयास किती वर्षे लागतात, हे ग्रामीण महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको.

आणि तालुक्यातच ही मुले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख, त्यांतील सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. त्यांची कारणेही बदलत आहेत. भारतातील पोलिओचा शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, ही सार्वजनिक आरोग्याची थोर कामगिरी होय. परंतु उघड्या वीजतारा, कडबाकुट्टी, गर्दीची लोकलगाडी व बेफाम रस्ते तरुणांचे हातपाय नेतच आहेत. झाझडिया यांचा हात विजेच्या तारेने गेला. सोलापूर जिल्ह्यातील सुयश जाधव यांचे दोन्ही हात विजेच्या धक्क्याने गेले. त्यांनी २०१८ साली जाकार्ता येथे आशियाई स्पर्धेत पोहण्यात सुवर्ण मिळविले. हे अपघात नशिबाने घडत नाहीत. ते कोणाच्या वस्तीत अधिक घडतात, हे पाहिले म्हणजे अपंगत्वाचीही वाटणी समाजाने कशी केली आहे ते कळते.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट शाळेच्या तासाची. शारीरिक शिक्षणाच्या तासातून अपंग मुलाला ‘सूट’ देणे बंद झाले पाहिजे आणि त्याला काय शिकवावे हे शिक्षकाच्या प्रशिक्षणात आले पाहिजे. त्याला फार साधने लागत नाहीत. बसून खेळावयाच्या व्हॉलीबॉलला १० मीटर लांब व ६ मीटर रुंद जागा, एक चेंडू आणि साधारण छातीपेक्षा खाली बांधलेली जाळी पुरते. जाळी नसेल तर दोरी चालते. धडधाकट मुलेही त्यात जमिनीवर बसून खेळू शकतात, आणि बसल्यावर कोण कितपत चपळ आहे हे त्यांनाही कळते. गोळा फेकण्याची खुर्ची गावचा वेल्डिंगवाला करून देईल. दुसरी गोष्ट, तालुका व जिल्हा पातळीच्या शालेय स्पर्धांत याच मैदानावर, याच दिवशी, याच गुणतक्त्यात अपंग मुलामुलींचे प्रकार धरावेत. तिसरी, जिल्हा रुग्णालयात वर्गीकरणाची प्राथमिक सोय व्हावी. चौथी, प्रवासाची. एस.टी.च्या भाड्यात सवलत आहे, परंतु गाडीची पहिली पायरीच चढता येत नसेल तर त्या सवलतीचा उपयोग काय? स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या दारापासून वाहन मिळाले पाहिजे, आणि मुलींसाठी मैदानावर खुर्ची आत जाईल असे शौचालय असले पाहिजे. त्याशिवाय पालक मुलींना पाठविणार नाहीत. पाचवी, साधनांची. खेळाच्या तिरप्या चाकांच्या खुर्चीची किंमत लाखाच्या घरात जाते. कानपूर येथे कृत्रिम अवयव तयार करणारा सरकारी कारखाना १९७२ सालापासून उभा आहे. सार्वजनिक क्षेत्राने अशा खुर्च्या शाळांना परवडतील अशा दराने पुरवाव्यात, ही मागणी लोकप्रतिनिधींपुढे ठेवावयास हवी.

मित्रहो, यांतील एकही मागणी अवाढव्य नाही. जिल्ह्याच्या नियोजनात एखाद्या कमानीवर जो खर्च होतो, त्यात यांतील बरेचसे बसेल. अडते ते पैशापाशी कमी आणि सवयीपाशी अधिक. त्या मुलाने कडेला बसावे, याची सर्वांना सवय झाली आहे. त्यालाही झाली आहे. पुढच्या थंडीत तालुक्याच्या मैदानावर चुन्याच्या रेघा पडतील, तेव्हा एक रेघ त्याच्यासाठीही ओढली जावी. तो पहिल्या वर्षी बहुधा हरेल. हरल्यावर चिडेल, पंचांशी भांडेल, दुसऱ्या दिवशी सराव करील. ते सर्व त्याला मिळावयास हवे. आणि चपलांचा प्रश्न उरलाच, तर त्या सर्वांनी पाळीपाळीने सांभाळाव्यात.